दुकानातील मनी प्लांट : समज, गैरसमज आणि निगा

कोणत्याही बाजारपेठेत जा. कापडाचे दुकान असो, घड्याळाचे असो, चष्म्याचे असो किंवा मोबाइल दुरुस्तीचे असो, गल्ल्याच्या आसपास एक काचेची बाटली आणि तिच्यातून बाहेर आलेली हिरवी-पिवळी वेल हमखास दिसते. हाच तो मनी प्लांट. आपल्या मुस्लिम दुकानदार बांधवांकडेही तो मोठ्या प्रमाणावर आढळतो. कोणी शोभा म्हणून ठेवतो, तर कोणी शेजारच्या दुकानदाराने सांगितले म्हणून. आणि खरे सांगायचे तर काहीजण धंदा वाढावा या आशेनेही ठेवतात.

या पानावर आम्ही एरवी माल, भाव, उधारी आणि कागदपत्रे यांविषयी लिहितो. मग एका वेलीवर एवढी जागा कशासाठी? त्याला तीन कारणे आहेत. या वेलीभोवती जे समज जमले आहेत ते आपल्या श्रद्धेला आणि व्यवहाराला धक्का लावणारे आहेत. वेलीची बाटली नीट ठेवली नाही तर ती डासांचे घर बनते. आणि नीट समजून घेतले तर याच वेलीच्या आधाराने आपल्या काही कारागिरांना आणि घरी काम करणाऱ्या भगिनींना चार पैशांचे हलाल काम मिळू शकते.

नावात काय आहे?

मनी प्लांट या नावामुळेच निम्मा घोटाळा झाला आहे. पानावरचा सोनेरी रंग आणि कोठेही रुजण्याची ताकद पाहून आपल्याकडे लोकांनी तिला पैशाची वेल ठरवले. पण हे नाव जगभर एकाच झाडाला नाही. पाश्चात्त्य देशांत मनी प्लांट हे नाव बागेतील एका वेगळ्याच झाडालाही आहे, ज्याच्या शेंगांचे चपटे, चकाकते पडदे चांदीच्या नाण्यासारखे दिसतात. आणि आपल्या या वेलीला तेथे काय म्हणतात? डेव्हिल्स आयव्ही, म्हणजे सैतानाची वेल! अंधारातही हिरवी राहते आणि सहजासहजी मरत नाही म्हणून हे नाव पडले. एकाच वेलीला एका देशात पैशाचे नाव, दुसऱ्या देशात सैतानाचे. यावरून एवढेच समजावे की नाव माणसांनी दिलेले आहे. वेलीत ना पैसा आहे, ना सैतान.

वनस्पतिशास्त्रात तिचे नाव एपिप्रेम्नम ऑरियम असे आहे. तिचे मूळ गाव पॅसिफिक महासागरातील मूरिया हे छोटे बेट. ती अळू आणि सुरणाच्या कुळातील आहे, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

चोरलेल्या फांदीचा समज

मनी प्लांटची फांदी विकत घेतली किंवा मागून आणली तर उपयोग नाही, ती कोणाच्या तरी दारातून चोरूनच आणली पाहिजे, तरच पैसा येतो, असा एक समज गावोगावी पसरला आहे. एरवी शेजाऱ्याच्या सुतळीच्या तोड्यालाही हात न लावणारी माणसे या वेलीची फांदी मात्र हसत हसत तोडून नेतात.

आमचा प्रश्न सरळ आहे. ज्या वस्तूची सुरुवातच चोरीने झाली, तिच्याकडून बरकतीची आशा कशी धरायची? दुसऱ्याची वस्तू त्याच्या परवानगीशिवाय घेणे म्हणजे चोरी. वस्तू दोन रुपयांची असो वा दोन लाखांची. शिवाय रोजी देणारा अल्लाह आहे. शकुन-अपशकुनावर धंद्याची भिस्त ठेवण्यास इस्लाममध्ये जागा नाही. वेल आग्नेय कोपऱ्यात ठेवली तर गिऱ्हाईक वाढते, वेल सुकली तर तोटा येतो, या गोष्टी त्याच जातीच्या. वेल सुकली तर त्याचा अर्थ एवढाच की पाणी जास्त झाले किंवा उजेड कमी पडला.

मग चोरलेली फांदी वाढते कशी? कारण या वेलीची कोणतीही निरोगी फांदी वाढते. चोरलेली वाढते, मागितलेली वाढते आणि विकत घेतलेलीही वाढते. ही वेल लागवडीत जवळजवळ कधीच फुलत नाही. फुलण्यासाठी लागणारे एक संप्रेरक तिच्यात पुरेसे तयार होत नाही, असे 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले आहे. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून ती फक्त फांद्यांवरूनच पसरत आली आहे. जिच्याकडून शेजाऱ्याला दहा फांद्या दिल्या तरी आपली वेल उलट भरगच्चच होते, ती वेल चोरण्याचे कारणच काय? मागा, आणि कोणी मागितली तर द्या.

"वेल वर चढली तर धंदा वर, खाली लोंबली तर धंदा खाली" हाही असाच एक समज आहे. त्यात धंद्यापुरते तथ्य शून्य, पण वेलीपुरते थोडे आहे. ही वेल आधाराला धरून वर चढू लागली की तिची पाने मोठी होत जातात. जंगलात झाडावर चढलेल्या वेलीचे पान सुपाएवढे होते. तीच वेल खाली सोडली तर पाने लहान राहतात. शोभेसाठी दोन्ही चालते. ज्याला जसे आवडेल तसे त्याने करावे.

दुकानात शोभेसाठी वेल ठेवण्यात आम्हाला काही गैर दिसत नाही. गैर आहे ते तिच्यावर नशीब टांगणे. कोणाच्या मनात शंका असेल तर त्याने आपल्या भागातील जाणकार आलिमांना विचारावे.

फांदी कशी लावावी?

उसाच्या कांडीला जशी पेरे असतात तशी या वेलीलाही असतात. प्रत्येक पेरावर एक पान असते आणि मागच्या बाजूला तपकिरी रंगाचा लहानसा कोंब किंवा फुगवटा असतो. मुळे तेथूनच फुटतात. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर ते अनेक दिवस हिरवे राहील, पण त्याची वेल होणार नाही. म्हणून फांदी कापताना तिच्यावर दोन-तीन पेरे येतील अशी कापावी. धारदार, स्वच्छ कात्रीने पेराच्या थोडे खाली काप द्यावा. खालचे पान काढून टाकावे आणि निदान एक पेर पाण्यात बुडेल, पाने मात्र पाण्याबाहेर राहतील, असे पाहावे. दोन ते चार आठवड्यांत पांढरी मुळे दिसू लागतात. पावसाळ्यात हे काम लवकर होते, कडाक्याच्या थंडीत रेंगाळते.

मुळे दोन-तीन बोटे लांब झाली की फांदी कुंडीत लावता येते. कुंडीला तळाशी भोक असलेच पाहिजे. माती भुसभुशीत हवी. बागेतील माती, थोडी वाळू, कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि मिळाला तर नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळावा. नुसती काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. एकाच कुंडीत चार-पाच फांद्या लावल्या तर कुंडी भरलेली दिसते.

पाणी आणि उजेड

हौसेने आणलेली वेल मरते ती बहुधा तहानेने नव्हे, तर जास्त पाण्याने. दुकान उघडले की झाडू, मग पाणी, मग वेलीला पाणी, असा रोजचा नेम अनेकजण लावून घेतात. तसे करू नये. मातीत बोटाचे एक पेर खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये. कोरडे लागले तर तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा, असे साधारण प्रमाण पडते. पण घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवावा.

वेल बोलत नाही, पण खूण करते. पाने मऊ होऊन खाली मान टाकू लागली आणि माती कोरडी असेल तर तिला पाणी हवे आहे. पाणी दिले की काही तासांत ती सावरते. माती ओली असूनही खालची पाने एकामागून एक पिवळी पडत असतील तर मुळे कुजू लागली आहेत. अशा वेळी वरच्या निरोगी फांद्या कापून नव्याने पाण्यात लावाव्यात. पानांच्या कडा तपकिरी आणि कडक झाल्या तर हवा फार कोरडी आहे, किंवा खत जास्त झाले आहे. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या फडक्याने तो पुसावा आणि सौम्य साबणाच्या पाण्याने पाने धुवावीत.

उजेड भरपूर हवा, पण थेट कडक ऊन नको. दुपारच्या उन्हात पाने भाजतात. बाजारपेठेतील बहुतेक दुकानांत ऊन येतच नाही. तेथे ट्यूबलाइट दहा-बारा तास चालू असते आणि तेवढ्या उजेडावर ही वेल तग धरते. मात्र अंधुक जागेत दोन गोष्टी घडतात. पानावरचा सोनेरी किंवा पांढरा रंग कमी होऊन पान नुसते हिरवे होते आणि दोन पानांतील अंतर वाढून वेल किडकिडीत दिसते. पांढरा भाग ज्या जातीत जास्त, तिला उजेडही जास्त लागतो. म्हणून अंधाऱ्या दुकानासाठी साधी हिरवी-सोनेरी जात घ्यावी, आणि पांढऱ्या पट्ट्यांची मार्बल क्वीन खिडकीजवळ ठेवावी. वातानुकूलित दुकानात थंड हवेचा झोत वेलीवर सरळ पडणार नाही, एवढे पाहावे.

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागाच्या कारखान्यांत किंवा सुतारकामाच्या शेडमध्ये पानांवर तंतू आणि भुसा बसतो. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पाने पुसावीत. चकाकी यावी म्हणून तेल किंवा दूध लावू नये, त्याने धूळ जास्तच चिकटते. खत महिन्यातून एकदा आणि तेही पातळ करून दिले तरी पुरे. दुकान चार-सहा दिवस बंद राहणार असेल तर काळजी नाही. पण जमातीबरोबर चाळीस दिवसांसाठी किंवा हज-उमऱ्यासाठी निघताना वेल शेजाऱ्याच्या हवाली करून जावे. तवक्कुल म्हणजे काय, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधण्यास सांगून समजावले आहे. आपल्या वाट्याची काळजी आपण घ्यायची, मग भरवसा अल्लाहवर.

बाटली आणि डास

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. अनेक दुकानांत वेल मातीत नसून पाण्याच्या बाटलीत असते आणि त्या बाटलीचे पाणी महिनोन् महिने बदलले जात नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास घाण गटारापेक्षा अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. तो दिवसा चावतो, म्हणजे दुकान उघडे असते तेव्हाच. आपला मुलगा, आपला कामगार आणि आपला गिऱ्हाईक, तिघेही त्याच्या टप्प्यात येतात. मुंबईत पालिकेचे कर्मचारी डासांच्या अळ्या शोधताना फुलदाण्या आणि मनी प्लांटच्या बाटल्याही तपासतात, आणि अळ्या सापडल्या तर नोटीस मिळू शकते.

उपाय अगदी सोपा आहे. आठवड्यातून एक दिवस ठरवून टाका. जुम्मा असेल तर लक्षातही राहील. त्या दिवशी सगळे पाणी ओतून द्या, बाटली आतून ब्रशने घासा आणि मग नवे पाणी भरा. घासणे महत्त्वाचे आहे, कारण एडिसची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी अनेक महिने जिवंत राहू शकतात. हेच कुंडीखालच्या बशीला लागू आहे. बाटलीच्या तोंडाशी वेलीभोवती कापसाचा घट्ट बोळा बसवला तर डासाला आत जायला वाट राहत नाही. ज्याला हे जमणार नाही त्याने बाटली सोडून द्यावी आणि वेल मातीत लावावी.

मुले, मांजर, बकरी

ही वेल अळूच्या कुळातील आहे असे आम्ही वर म्हटले. कच्च्या अळूने घसा खवखवतो तो त्यातील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे. तेच स्फटिक मनी प्लांटमध्येही आहेत. आपण अळू चिंच घालून, शिजवून खातो. ही वेल मात्र कोणत्याही प्रकारे खाण्याची नाही. लहान मुलाने पान चावले तर तोंडात आग होते, लाळ गळते, ओठ-जीभ सुजू शकते. अशा वेळी तोंड धुऊन थंड पाणी द्यावे, आणि सूज वाढली किंवा गिळताना-श्वास घेताना त्रास झाला तर विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. मांजरालाही त्रास होतो. कुर्बानीसाठी बकरा आणून घराच्या गॅलरीत बांधणाऱ्यांनी वेल त्याच्या तोंडापासून दूर ठेवावी आणि तिच्या छाटलेल्या फांद्या चाऱ्यात टाकू नयेत. फांद्या छाटल्यावर हात धुवावेत. छाटलेली वेल रानात किंवा ओढ्याकाठी फेकू नये. श्रीलंकेसारख्या ठिकाणी ती जंगलात पसरून डोकेदुखी झाली आहे.

वेल आणि कारखान्याची हवा

मनी प्लांट हवा शुद्ध करतो, असे सांगून तो विकला जातो. त्यासाठी नेहमी अमेरिकेच्या नासा संस्थेच्या 1989 च्या अहवालाचा दाखला दिला जातो. तो प्रयोग खरा आहे, पण तो बंद, लहान पेट्यांमध्ये झाला होता. असे अनेक प्रयोग एकत्र तपासणारा लेख 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की साध्या वाऱ्याच्या येण्या-जाण्याने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी करण्यासाठी जमिनीच्या दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील.

आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. चामड्याच्या पिशव्या आणि चपला बनवणाऱ्या आपल्या कितीतरी कारागिरांच्या खोल्यांत दिवसभर सोल्युशनचा वास कोंडलेला असतो. तेथे चार बाटल्या टांगून मालकाने निश्चिंत होऊ नये. तेथे खिडकी हवी, बाहेर हवा फेकणारा पंखा हवा. वेल डोळ्यांना थंडावा देईल, फुफ्फुसांचे रक्षण करणार नाही.

यातून रोजगार कसा?

आता व्यवहाराचे बोलू. मनी प्लांटची रोपे विकून पैसा मिळेल काय? जी वेल कोणीही फुकट वाढवू शकतो, तिच्यात नुसत्या रोपाचा नफा फार नसतो. नफा आहे तो तिच्या भोवतीच्या मेहनतीत. कुंभाराची रंगवलेली कुंडी, सुताराने उरलेल्या लाकडातून केलेला स्टँड, पत्राकाम करणाऱ्याने जुन्या डब्याला भोक पाडून, काठ वळवून केलेले भांडे, काथ्या गुंडाळलेली आधाराची काठी, आणि सुताचे विणलेले शिंके. पूर्वी दह्या-दुधाचे मडके टांगायला शिंके असे. आज तेच मॅक्रमे या नावाने मोठ्या दुकानांत चढ्या भावाने विकले जाते. उरलेल्या सुतापासून ते घरी बसून विणता येते. त्यासाठी यंत्र लागत नाही आणि जागाही फारशी लागत नाही.

सुरुवात लहान करावी. दहा-बारा कुंड्या जून महिन्यात लावल्या तर पावसाळा संपेपर्यंत विकण्याजोग्या होतात. हिशेब कागदावर मांडावा. कुंडी, माती, खत, सूत, काठी, वाहतूक, मेलेली रोपे आणि आपल्या तासांची मजुरी, हे सर्व धरून मगच भाव ठरवावा. यासाठी कर्ज, तेही व्याजाचे, काढण्याची मुळीच गरज नाही. गिऱ्हाईक म्हणून दवाखाने, शिकवणी वर्ग, कार्यालये आणि नवी दुकाने पाहावीत. ज्यांना निगा राखायला वेळ नाही त्यांच्याकडे आठवड्याला एकदा जाऊन पाणी बदलणे, पाने पुसणे आणि छाटणी करणे हेही मजुरीचे काम होऊ शकते. दर आठवड्याची ती फेरी डासांचाही बंदोबस्त करते, हे गिऱ्हाईकाला सांगावे. ते खरे आहे आणि पटणारेही आहे.

मात्र खोटे सांगून विकू नये. "घरात ठेवा, पैसा येईल" हे वाक्य मुस्लिम विक्रेत्याच्या तोंडी शोभत नाही, मग गिऱ्हाईक कोणत्याही धर्माचा असो. त्याने स्वतः विचारले तर नम्रपणे सांगावे, "आम्ही चांगले रोप देतो, रोजी देणारा वर आहे." दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. ताज्या कापलेल्या, मुळे न फुटलेल्या फांद्या कुंडीत खोचून तयार रोप म्हणून विकण्याची चाल बाजारात आहे. वरून कुंडी हिरवीगार दिसते, आत काही नसते. मदीनेच्या बाजारात प्रेषित (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वरचे धान्य कोरडे आणि आतले ओले निघाले, आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे त्यांनी त्या विक्रेत्याला बजावले, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मुळाशिवायची कुंडी म्हणजे तोच ढीग. मुळे धरलेलेच रोप विकावे. मुळे नसतील तर "ही फांदी आहे, रोप नाही" असे सांगून फांदीच्या भावाने द्यावे.

ज्यांच्या दुकानात आधीच वेल आहे त्यांनी आज एवढे करावे. बाटलीतले पाणी ओतून ती घासावी, पिवळी पाने काढावीत, वेल मुलांच्या हाताबाहेर ठेवावी. ती फांदी न विचारता आणलेली असेल तर ज्याच्या दारातून आणली त्याला जाऊन सांगावे आणि माफी मागावी. तो बहुधा हसेल आणि आणखी दोन फांद्या हातात देईल.